एका दिवसाचा गल्ला आणि वर्षाचा ताळेबंद



गेल्या आषाढात माझा पुतण्या सुट्टीसाठी आमच्याकडे सांगलीस आला होता. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा हा मुलगा आपल्या महाविद्यालयाच्या संघातून व्हॅलोरंट हा संगणकीय खेळ खेळतो. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असतात आणि पडद्यावर प्रतिस्पर्धी दिसताच क्षणार्धात माउस फिरवून नेम साधावा लागतो. असे खेळ मुलांनी खेळावेत की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहीन. आज सांगावयाचे आहे ते वेगळे. ज्या गोष्टीवर एखाद्या मुलाने मन लावले आहे, तीत रोज चढउतार होऊ लागले की त्याचे मन कसे खचते, आणि अशा वेळी आपण वडीलधारी मंडळी काय चूक करतो, याविषयी हे लेखन आहे.

एके सकाळी तो हिरमुसून बसला होता. कारण विचारले, तेव्हा म्हणाला, “काका, परवा माझा नेम असा बसत होता की संघातली मुले थक्क झाली. आज समोर उभा असलेला खेळाडूही टिपता येत नाही. हात तोच, माउस तोच. मला वाटते, माझ्यात ते नाहीच. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेतून नाव काढून घेतो.” त्या आठवड्यात त्याने माउसची सेन्सिटिव्हिटी चार वेळा बदलली होती, हेही बोलण्यात आले.

मी त्याला चांगलेच फैलावर घेतले. रात्री दोनपर्यंत जागतोस, मग नेम कसा लागेल, असे बरेच काही बोललो. दुसऱ्या दिवशी तो उत्तम खेळला, आणि माझ्या बोलण्याचा परिणाम झाला या समाधानात मी दुकानी गेलो.

ते समाधान खोटे होते. अर्थशास्त्राचे २००२ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी इस्रायली वायुदलातील प्रशिक्षकांची एक हकीकत सांगितली आहे. तेथील एका अनुभवी प्रशिक्षकाचा अनुभव असा होता की, उत्तम कसरतीबद्दल शिकाऊ वैमानिकाची स्तुती केली की पुढची कसरत बिघडते, आणि वाईट कसरतीबद्दल रागावले की पुढची सुधारते. काहनेमन यांनी दाखवून दिले की, येथे स्तुतीचा वा रागाचा काही संबंधच नाही. असामान्य चांगल्या प्रयत्नानंतरचा प्रयत्न बहुधा सरासरीकडे उतरतो आणि असामान्य वाईटानंतरचा सरासरीकडे चढतो. आपण रागावतो ते नेमके वाईट दिवशी. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या सुधारणेचे श्रेय आपल्या रागाला मिळते. मुलगा मात्र निष्कारण बोलणी खातो.

हे लक्षात आल्यावर मी पुतण्यास घेऊन बसलो आणि कागदावर हिशेब मांडला. समजा, एखाद्या खेळाडूचे खरे कौशल्य शंभरांत वीस अचूक नेम इतके आहे, आणि तो रोज शंभर प्रयत्न करतो. कौशल्यात तसूभर फरक न पडताही बहुतेक दिवशी त्याचा आकडा १६ ते २४ यांच्या दरम्यान हलत राहील. महिन्यातून एखाद-दोन वेळा तो १२ पर्यंत घसरेल किंवा २८ पर्यंत चढेल. २८ च्या दिवशी तो स्वतःस उस्ताद समजेल, १२ च्या दिवशी नालायक. आणि दोन्ही दिवशी तो वीसचाच खेळाडू असेल. उलट महिन्याभराच्या तीन हजार प्रयत्नांची सरासरी काढली, तर ती साडेअठरा ते साडेएकवीस टक्क्यांच्या बाहेर क्वचितच जाते. प्रत्यक्ष खेळात समोरचा प्रतिस्पर्धीही रोज बदलतो, म्हणून चढउतार याहून मोठेच दिसतात.

आपल्या घरांतून हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. सोमवारी गल्ला कमी जमला म्हणून कोणी दुकान विकत नाही. रोजमेळ रोज लिहायचा असतो, पण धंदा कसा चालला आहे ते खतावणी आणि वर्षाचा ताळेबंद सांगतो. आणि मंदी आली म्हणून कोणी वजने बदलत नाही. वजनेच बदलली तर कालची विक्री आणि आजची विक्री ताडून पाहणार कशी? सेन्सिटिव्हिटीचे तसेच आहे. पुतण्याचा माउस ८०० डीपीआयवर आणि खेळातील मांडणी ०.४ वर असताना, पडद्यावर एक पूर्ण फेरी घेण्यास माउस सुमारे ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो. हे अंतर हाताच्या अंगवळणी पडण्यास आठवडे लागतात. दर वाईट दिवशी ते बदलणे म्हणजे हाताला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवणे होय. ठरलेले माप निदान महिनाभर हलवायचे नाही, असे आम्ही ठरवले.

अर्थात सारेच दैवावर सोडावयाचे नाही. काही कारणे खरी असतात आणि ती हाताळता येतात. अपुऱ्या झोपेने हालचालीचा वेग मंदावतो. या बाबतीत माझे बोलणे खरे होते, फक्त वेळ चुकली. खुर्ची आणि मेज यांची उंची रोज निराळी असली की कोपराचा कोन बदलतो. पावसाळी हवेत कापडी माउसपॅड ओलसर होते, घामाने हात चिकटतो आणि माउस जड सरकतो. घरातील सर्व जण एकाच वायफायवर असले की खेळ अडखळतो. तेथे केबल जोडणे बरे. खेळाआधी दहा-पंधरा मिनिटे हात मोकळा करावा. एम लॅब किंवा कोव्हॅक्स यांसारख्या सरावाच्या प्रणालींत निव्वळ गोळे टिपावयाचे असतात. त्यांतील एकच सराव रोज करून त्याचा आकडा वहीत लिहावा आणि शेजारी झोपेचे तास लिहावेत. महिनाअखेरीस वही स्वतःच बोलते.

आणि तरीही वाईट दिवस येतीलच. त्या दिवशी भांडवल सांभाळून व्यापार करावा. नेम बसत नसेल तर धाडसाच्या चकमकी टाळाव्यात, प्रतिस्पर्धी जेथून येईल तेथे डोक्याच्या उंचीवर निशाण आधीच रोखून धरावे म्हणजे हात फार हलवावा लागत नाही, सहकाऱ्यांना माहिती पुरवावी. या गोष्टी हाताच्या लयीवर अवलंबून नसतात. लागोपाठ दोन सामने हरल्यावर, नुकसान भरून काढण्याच्या हट्टाने तिसरा खेळू नये. सट्टेबाजाचे दिवाळे याच वाटेने निघते.

पुतण्याने नाव काढून घेतले नाही. स्पर्धेत त्याचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. रात्री दूरध्वनी आला. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, “काका, आजचा दिवस बाराचा होता. वहीत लिहिला आहे. आता झोपतो.” सुट्टीत हाच मुलगा अशा दिवशी पहाटेपर्यंत माउसची मापे बदलत बसला असता.

आपल्या घरी असे मूल असेल, खेळात, संगीतात वा परीक्षेच्या तयारीत, तर त्याच्या वाईट दिवशी निवाडा देऊ नये. सांगावयाचे ते महिन्याअखेरीस, वही समोर ठेवून, शांतपणे सांगावे. आणि पेढीवरच्या नव्या गुमास्त्यालाही हाच न्याय लावावा, ही विनंती.