घरचा संगणक मोडीत काढावा, की बेणे बदलावे?



ऊस विकास विभागाच्या या पानावर खोडवा, हुमणी आणि पाचट यांवाचून दुसरे काही वाचण्याची आपणांस सवय नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मुदखेड, बारड, मुगट या भागांत शिवारफेरीस गेलो म्हणजे उसाच्या चार गोष्टी संपतात, चहा येतो आणि एक प्रश्न हटकून निघतो. "साहेब, घरच्या कंप्यूटरवर सारखी पाटी यायली, मुदत संपली म्हणून. आता हे भंगारात घालावं का?" इतक्या घरी हे ऐकले की एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदा छापून टाकावे असे वाटले. आम्ही कृषी पदविकावाले, संगणकाचे तज्ज्ञ नव्हे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आपल्या भागात संगणक घरात आला तो दोन वाटांनी. एक, पोरगा नाही तर पोरगी नांदेडला इंजिनिअरिंगला गेली तेव्हा. आणि दुसरी, २०२० साली टाळेबंदीत शाळा घरात आली तेव्हा. त्या वर्षी बऱ्याच जणांनी जुने, वापरलेले लॅपटॉप घेतले. या बहुतेक यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे. ती २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती वापरणाऱ्यांनी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने जाहीर केली. आता देखभाल थांबली म्हणजे काय? यंत्र बंद पडत नाही. सकाळी चालू केले तर चालू होते. पण किडीवरची फवारणी थांबली असे समजा. पीक उभे आहे, हिरवे आहे, परंतु नवीन कीड आली तर औषध येणार नाही. ज्या यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो, त्याबाबत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मग विंडोज ११ का घालू नये? घालावी, यंत्राला चालत असेल तर. पण तिची अट कडक आहे. टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा पाहिजे, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा किंवा अलीकडचा. आपल्या घरातले बरेच जुने लॅपटॉप इथेच गळतात. यंत्र धडधाकट, पडदा चांगला, बटणे शाबूत, आणि केवळ अट बसत नाही म्हणून नापास!

अशा वेळी दुकानात गेलो तर काय सांगतात? आमच्यासमोर एका दुकानदाराने एका सभासदाला पाच मिनिटांत नवीन लॅपटॉपचा भाव काढून दिला, वर हप्त्याची सोयही सांगितली. धंदा आहे त्याचा, त्याने तो करावा. पण आपला हिशेब आपण करावा. पन्नास हजारांचे यंत्र धरू. २०२५-२६ च्या हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होती. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा न करतासुद्धा ते पन्नास हजार म्हणजे चौदा टन ऊस झाला. वजावट धरली तर आणखी. आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाने मराठवाड्याचे काय केले ते आम्ही सांगायला नको. फडात पाणी, बांध फुटलेले, माती वाहून गेलेली. त्या बिलातून सोसायटी फेडायची, पोरांची फी भरायची, की चालते यंत्र फेकून नवे आणायचे?

आमचे स्पष्ट मत असे की, ज्याच्या घरचे यंत्र धड आहे त्याने आधी बेणे बदलून पाहावे. जमीन तीच, विहीर तीच, फक्त वाण दुसरा. या वाणाचे नाव लिनक्स. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला आणि जगापुढे उघडा ठेवला. पुढे हजारो माणसांनी त्यात भर घातली. त्यावर उभ्या राहिलेल्या उबुंटू, लिनक्स मिंट वगैरे प्रणाल्या पैसे न मोजता घेता येतात, आणि ही चोरी नव्हे, परवान्यातच तशी मुभा आहे. हे काहीतरी परदेशी खूळ आहे असे ज्याला वाटते त्याने खिशातला अँड्रॉइड फोन काढून पाहावा. त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. केरळ सरकारने तर आपल्या शाळांतले संगणकशिक्षणच अशा मुक्त प्रणालीवर चालवले. तिथली शेतकऱ्यांची, मच्छीमारांची पोरे त्यावर शिकली, आपली का शिकणार नाहीत?

नवशिक्याला आम्ही लिनक्स मिंट सुचवतो. कारण एवढेच की तिचा तोंडवळा विंडोजसारखा आहे. डाव्या कोपऱ्यात खाली बटण, त्यात सगळी यादी, उजवीकडे घड्याळ. दोन जी.बी. रॅमवर ती उभी राहते, चार असेल तर सुखाने चालते, आणि वीस जी.बी. जागा पुरते. यंत्र फारच मंद असेल तर आतली जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. बसवावी. या एका खर्चाने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशाने पडत नाही.

आता भीतीचा मुद्दा. को ७४० गेला आणि नवे वाण आले तेव्हा लोक काय म्हणत होते ते जुन्या सभासदांना विचारा. १९९६ साली को ८६०३२, म्हणजे आपला नीरा, आला. २००७ साली पाडेगावचा फुले २६५ आला, तेव्हा तर कारखान्यांतच कुरकुर होती की याला उतारा नाही, नोंद घेऊ नका. आज चोपण जमिनीत २६५ वाचून लोकांचे चालत नाही. पण लक्षात घ्या, शहाण्या शेतकऱ्याने पहिल्या वर्षी सगळे रान २६५ खाली घातले नाही. त्याने दोन-चार गुंठे लावून पाहिले. संगणकात हीच सोय आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नाही. मिंटची फाईल, सुमारे तीन जी.बी.ची, उतरवून घ्यायची, एका आठ जी.बी.च्या पेनड्राइव्हवर ती चालू होईल अशा रीतीने चढवायची, पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताना एफ १२ किंवा त्या कंपनीचे जे बटण असेल ते दाबायचे. झाले! यंत्र पेनड्राइव्हवरून चालते. आतल्या विंडोजला, फायलींना धक्का लागत नाही. आवाज येतो का, वायफाय धरते का, प्रिंटर ओळखते का, हे आठवडाभर पाहा. नाही पटले तर पेनड्राइव्ह काढा, यंत्र पूर्वीचे पूर्वी. गुंठा मोडला, एकर वाचला.

फक्त पेनड्राइव्हवरून ते जरा सावकाश चालते. त्यावरून वाणाची परीक्षा करू नये.

कामाचे म्हणाल तर आपले बहुतेक काम आता ब्राउझरमध्येच होते. सातबारा काढणे, महाडीबीटीवर अर्ज भरणे, पोरांचे निकाल, रेल्वेचे तिकीट. फायरफॉक्स त्यात आधीच असतो, क्रोम घालता येतो. संकेतस्थळाला तुमच्या यंत्रात विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी बहुधा देणेघेणे नसते. ई-पीक पाहणी तर फोनवरच करायची आहे. पत्र लिहायला, तक्ता करायला लिबर ऑफिस असते.

मराठीच्या बाबतीत मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नवा गडी इथेच अडखळतो आणि मग साऱ्या प्रणालीलाच नावे ठेवतो. पुष्कळ घरांत, सोसायट्यांत, दिंडीच्या आणि गणेश मंडळाच्या हिशेबात जुन्या फाँटात लिहिलेल्या फायली आहेत. त्या दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की जंतरमंतर दिसते. लोक म्हणतात, "लिनक्समध्ये मराठी चालत नाही." तसे नाही हो! तो फाँट विंडोजच्याच दुसऱ्या यंत्रावर नसेल तर तिथेही जंतरमंतरच दिसेल. या जुन्या फाँटांत अक्षर मराठी दिसे, पण यंत्राच्या वहीत नोंद इंग्रजी अक्षराची असे, आणि प्रत्येक फाँटवाल्याची नोंद वेगळी. म्हणजे दहा गटांत दहा चिटबॉय आणि प्रत्येकाने उसाच्या जातीला आपापल्या मनाचे सांकेतिक नाव ठेवलेले. युनिकोडने ही भानगड मिटवली. त्यात 'क' चा क्रमांक २३२५, तो मुदखेडला तोच आणि मुंबईला तोच. युनिकोडमधले मराठी लिनक्सवर नीट दिसते, नीट छापते. जुन्या फायली बदलून देणारी रूपांतर साधने मिळतात. जोडाक्षरे आणि रफार मात्र एकदा डोळ्यांखालून घालावेत.

टंकनासाठी इनस्क्रिप्ट शिकून घ्यावे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी १९८६ साली ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि भारतीय लिप्यांना हीच एक मांडणी. विंडोजवरही तीच आणि लिनक्सवरही तीच, म्हणून एकदा बोटे बसली की यंत्र बदलले तरी हात बदलावा लागत नाही. ज्याला धीर नाही त्याच्यासाठी उच्चाराप्रमाणे इंग्रजी बटणे दाबून मराठी उमटवण्याची सोयही आहे. ती सुरुवातीला गोड लागते, पण रोज चार पाने लिहायची असतील तर इनस्क्रिप्टच बरे, असे आमचे मत.

सगळ्यांनीच बदलावे असे मात्र आम्ही म्हणत नाही. ज्यांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे आणि हिशेब टॅलीवर आहे, त्यांनी विंडोज सोडू नये. टॅली विंडोजसाठीच केलेली आहे. डिजिटल सहीचा डोंगल लावून निविदा भरणाऱ्या ठेकेदार सभासदांनीही घाई करू नये. काही स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत. पोरगी सरकारी टंकलेखन परीक्षेची तयारी करत असेल तर तिच्या संस्थेत सरावाचे सॉफ्टवेअर कशावर चालते ते आधी विचारावे. तिचे वर्ष आपल्या प्रयोगापायी जाऊ नये. अशांनी विंडोज ११ घेणारे यंत्र घ्यावे, आणि तेही वापरलेले, तपासून घेतलेले चालते.

कोणी म्हणेल, घरात संगणक पाहिजेच कशाला? हाही प्रश्न खोटा नाही. साखर कारखानदारीत याचा मोठा अनुभव आहे. १९९८ साली वारणानगरला कोल्हापूर-सांगली भागातल्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. देशभरातून लोक पाहायला गेले. त्या केंद्रांतून शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती, सगळे मिळावे असा बेत होता. प्रत्यक्षात वापर झाला तो मुख्यतः ऊसनोंद, तोडणीचा आदेश, वजन आणि खताच्या हिशेबासाठी. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच भारतातील संशोधकांनी सात गावांत आठ महिने ते काम फोनच्या संदेशावर करून पाहिले, तर ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांनाही अधिक आवडले. केंद्रावर हेलपाटा नाही, वजन घरबसल्या कळते. तेव्हा ज्या घरी फक्त वजन, बिल आणि सातबारा पाहायचा आहे, त्या घरी फोन पुरेसा आहे. नवा संगणक तर नकोच, जुनासुद्धा कपाटात राहिला तरी बिघडत नाही. पण ज्या घरी पोर शिकते आहे, तिथे फोनच्या चार बोटांच्या पडद्यावर प्रकल्प अहवाल लिहायला लावणे हा त्या पोरावर अन्याय आहे. फोनवर पाहता येते, बसून लिहिता येत नाही. निम्मा अर्ज भरून झाला की फोन वाजतो, आणि घरात फोन एकच असेल तर बाप रानात गेला की अभ्यास त्याच्या खिशात जातो! अशा घरातला सहा-आठ वर्षांचा लॅपटॉप वाचवण्यासाठीच हा एवढा खटाटोप.

शिकवायला कोण, असे विचाराल तर आधी घरातल्या पोरांना विचारा. एम.एस.सी.आय.टी. केलेल्याला पंधरा दिवसांत हात बसतो. वडीलधाऱ्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून यंत्र पोरांच्या ताब्यात देऊन मोकळे होऊ नये. ब्राउझर कुठे, फाईल कुठे साठली, यंत्र बंद कसे करायचे, इतके तीन दिवस स्वतःच्या हाताने करावे. घरच्या बाईमाणसांनीही करावे. बचत गटाचा ताळेबंद त्यांच्याच हातचा असतो, आणि आमचा अनुभव असा की त्या पुरुषांपेक्षा लवकर शिकतात, कारण न समजले तर विचारायला लाजत नाहीत.

चाचणीचा पेनड्राइव्ह आम्ही शेतकी विभागात आमच्या टेबलावर ठेवला आहे. हंगामात सकाळी आम्ही फडात असतो, तेव्हा दुपारी चारनंतर लॅपटॉप आणि त्याचा चार्जर घेऊन यावे. नुसते पाहायचे असेल तर काहीच तयारी नको. कायमचे बसवायचे असेल, तर विंडोज ठेवून शेजारी बसवायचे की पुसून टाकायचे हे घरी बोलून ठरवून यावे, आणि फोटो, पोरांची प्रमाणपत्रे, जमिनीचे कागद यांची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून ती घरीच ठेवून यावी. नक्कल केलेली नसेल तर आम्ही यंत्राला हात लावणार नाही.