एबीएस येईल, पण त्याचा सेन्सर कोण तपासणार?

जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा अधिसूचना काढली. मोपेडसारखी अगदी मंद वाहने सोडली, तर १ जानेवारी २०२६ पासून सर्व नव्या दुचाकींना अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टीम, म्हणजेच एबीएस असावे, असा तिचा प्रस्ताव होता. त्याआधीच्या नियमानुसार एबीएसची सक्ती १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनांच्या गाड्यांनाच होती. २०१८मध्ये ती नव्या मॉडेलना आणि २०१९मध्ये सर्व मॉडेलना लागू झाली. दुचाकी उत्पादकांनी नव्या प्रस्तावावर खर्च, सुट्या भागांचा पुरवठा आणि तयारीला लागणारा वेळ हे मुद्दे पुढे केले. तेव्हापासून या विषयावरची बहुतेक चर्चा गाडी किती हजारांनी महागणार, याच प्रश्नाभोवती फिरत राहिली.

छत्रपती संभाजीनगरसाठी हा विषय दोन्ही बाजूंनी घरचा आहे. वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना १९८५मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग बनवणाऱ्यांची मोठी वसाहत उभी राहिली. इथल्याच एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजमध्ये दुचाकींच्या ब्रेक आणि सस्पेन्शनबरोबर एबीएसवरही काम होते. वॅरॉक दिवे आणि इलेक्ट्रॉनिक भाग बनवते. दुसरीकडे, सकाळी जालना रोड किंवा वाळूज रस्त्यावर उभे राहिले की दिसतात त्या बहुतांश १०० ते १२५ सीसीच्या गाड्या. एबीएस बनवणारे शहर स्वतः मात्र बऱ्याच अंशी एबीएसशिवाय फिरते.

हा नुसता गाड्यांचा विषय नाही, आरोग्याचाही आहे. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटारसायकलींची तुलना केली, तेव्हा एबीएस असलेल्या गाड्यांमध्ये जीवघेण्या अपघातांचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळले. तिथल्या गाड्या आणि रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे तोच आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण घसरणाऱ्या चाकाचे भौतिकशास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

चाक थांबते, गाडी थांबत नाही

समोर अचानक कुत्रे आले की हात ब्रेकवर घट्ट आवळला जातो. रस्त्यावर वाळू, पाणी किंवा खडी असेल तर चाक फिरायचे थांबते, पण गाडी पुढे जातच राहते. फिरते चाक दुचाकीला तोल देते आणि दिशाही देते. पुढचे चाक लॉक झाले की हँडल वळवून उपयोग होत नाही आणि सेकंदाच्या आत गाडी आडवी होते. लहान गाड्यांमधली सध्याची ‘कॉम्बी ब्रेक’ व्यवस्था एकाच ब्रेकने दोन्ही चाकांवर जोर वाटून देते. तिचा फायदा आहे, पण चाक लॉक झाले की नाही, हे तिला कळत नाही. कारण तिच्यात सेन्सर नाही.

एबीएसला ते कळते. चाकाबरोबर एक खाचांची धातूची चकती फिरते. गॅरेजमध्ये तिला एबीएस रिंग म्हणतात. तिच्यापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्यात चुंबक आणि त्याजवळ अर्धवाहकाचा एक तुकडा असतो. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९मध्ये दाखवून दिले होते की विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकीय क्षेत्र आडवे लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये अगदी थोडा व्होल्टेज तयार होतो. हाच ‘हॉल परिणाम’. रिंगचा दात समोर आला की चुंबकीय क्षेत्र बदलते, खाच आली की पुन्हा बदलते. सेन्सर या बदलाचे रूपांतर विजेच्या ठोक्यांमध्ये करतो आणि ठोके वायरमधून इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटकडे, म्हणजे ईसीयूकडे जातात.

साधा हिशेब करून पाहू. दुचाकीच्या चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ ९ फेरे घेते. रिंगला ४८ खाचा असल्या, तर ईसीयूला सेकंदाला सुमारे ४२० ठोके मिळतात. दोन ठोक्यांमधले अंतर वाढत गेले की चाक मंदावते आहे, हे त्याला समजते. चांगल्या कोरड्या रस्त्यावरही दुचाकीचा वेग एका सेकंदात साधारण ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त कमी होऊ शकत नाही. टायरची पकड तेवढीच असते. ठोके सांगत असतील की चाकाचा वेग त्याहून कितीतरी झपाट्याने पडतो आहे, तर अर्थ एकच: गाडी पळते आहे आणि चाक लॉक होऊ पाहते आहे. त्या क्षणी ईसीयू झडप उघडून ब्रेकचा दाब सोडतो, चाक फिरू लागले की पुन्हा दाब देतो. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. स्वाराला फक्त लिव्हरमध्ये थरथर जाणवते.

ही झडप ब्रेकच्या तेलाचा दाब सांभाळते, म्हणून पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असावा लागतो. स्वस्त गाड्यांना पुढेही ड्रमच असतो. त्यामुळे एबीएस आणायचे म्हणजे ड्रमच्या जागी डिस्क, मास्टर सिलिंडर आणि होजही आणावे लागतात. उत्पादकांच्या खर्चाच्या तक्रारीत तथ्य आहे ते इथे.

सेन्सर खरे बोलतो का?

ईसीयूला रस्ता दिसत नाही, कुत्रेही दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते फक्त व्होल्टेज आणि ठोके. म्हणून गाडीतल्या प्रत्येक सेन्सरबाबत त्याला दोन प्रश्न सोडवावे लागतात: बातमी काय आहे आणि ती विश्वासार्ह आहे का?

यासाठी वाहन अभियंते एक साधी युक्ती वापरतात. थ्रॉटल किती उघडला हे सांगणाऱ्या सेन्सरला पाच व्होल्ट पुरवले, तरी त्याचा नेहमीचा संदेश साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या दरम्यानच ठेवला जातो. मग शून्य व्होल्ट आला की ईसीयू ‘थ्रॉटल बंद आहे’ असे समजत नाही. ‘वायर तुटली किंवा चिकटली’ असे समजतो. इंजिनाचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा विद्युतरोध तापमानाबरोबर कमी होतो. थंडगार इंजिन सुरू होऊन बराच वेळ गेला तरी रोध उतरत नसेल, तर सेन्सरवरच संशय घेतला जातो. अनेक मोटारींमध्ये थ्रॉटलला दोन सेन्सर असतात आणि दोघांचे जमत नसेल, तर गाडी आपला वेग मर्यादित करून घेते.

स्विचचे काम त्याहून साधे वाटते. ब्रेक दाबला की नाही, क्लच ओढला की नाही, साइड स्टँड वर आहे की खाली. उत्तर फक्त हो किंवा नाही. पण धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आदळले की काही मिलिसेकंद उसळतात आणि एकदाच दाबलेले बटण ईसीयूला पाच-सहा वेळा दाबल्यासारखे दिसते. म्हणून तो क्षणभर थांबतो, संदेश स्थिर झाला की मगच मानतो. शिवाय तुटलेली वायर आणि उघडा स्विच विजेच्या दृष्टीने सारखेच दिसतात. त्यामुळे सुरक्षेचा स्विच असा जोडावा लागतो की वायर तुटली तर गाडी धोकादायक बाजूला न जाता सुरक्षित बाजूला थांबेल. साइड स्टँडच्या स्विचची वायर तुटल्यावर इंजिन सुरूच होत नाही, तेव्हा वैताग येतो खरा. पण यंत्रणा त्यासाठीच तशी केलेली असते.

नेमके इथेच गॅरेजचे एक जुने सोपे औषध पुढे येते: ‘डायरेक्ट करून टाकू.’ दोन वायरी जोडल्या, टेप गुंडाळली, गाडी चालू. काम दहा मिनिटांत होते आणि नवा स्विच वाचतो. पण त्या दिवसापासून ईसीयूसाठी स्टँड कायमचा वर असतो. विजेवरच्या स्कूटरमध्ये ब्रेकचा स्विच मोटरचा जोर तोडतो. तिथे असा जुगाड आणखी महागात पडू शकतो.

बिघाड होतो, पण जाणवत नाही

एबीएसची अडचण याहून बारीक आहे. चाकाच्या सेन्सरवर नुसती काळी माती बसली तर फारसे बिघडत नाही, कारण माती चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. त्रास देतो तो ब्रेकच्या झिजेतून निघणारा लोखंडी कीस, जो सेन्सरच्या चुंबकाला चिकटतो. पंक्चर काढताना चाक आपटून किंचित वाकलेली रिंग, उडालेल्या दगडाने सरकलेला सेन्सर, उंदराने कुरतडलेली वायर यांनीही ठोके चुकतात.

ठोके पटत नाहीत असे दिसले की ईसीयू शहाणपणाने एबीएस बंद करतो आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटता ठेवतो. साधा ब्रेक पूर्वीसारखाच लागत राहतो. त्यामुळे रोजच्या चालवण्यात काहीच फरक जाणवत नाही. गाडी पिकअप घेते, मायलेज देते, ब्रेकही लागतो. फरक कळतो तो ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबण्याची वेळ येते तेव्हा, म्हणजे जेव्हा काही करायला वेळच उरलेला नसतो.

मग दिवा पेटलेला आहे, हे स्वाराखेरीज कोण पाहते? खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. तोवर तिला फिटनेस तपासणी नाही. पीयूसी केंद्रावर गाडी ठरावीक काळाने जाते, पण तिथे नळी घातली जाते ती सायलेन्सरमध्ये. धुरातले वायू मोजले जातात, ब्रेककडे कोणी पाहत नाही. म्हणजे गाडी विकताना बसवलेले सुरक्षेचे साधन पुढची पंधरा वर्षे चालू आहे का, हे विचारणारी एकही खिडकी आपल्या व्यवस्थेत नाही. एबीएसच्या सक्तीवर इतका वाद होत असताना हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारलेला नाही.

प्रदूषणाच्या बाबतीत सरकारने वेगळी वाट धरली. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आले. त्याबरोबर आणि त्यानंतरच्या टप्प्यांत गाडीने स्वतःच्या उत्सर्जनाशी संबंधित सेन्सरांवर स्वतः लक्ष ठेवावे आणि बिघाड नोंदवावा, ही अट आली. २०२५पासून दुचाकींनाही तिचा पुढचा टप्पा लागू झाला. धुराबाबत जी शिस्त लावता आली, ती ब्रेकबाबत लावण्यात तांत्रिक अडथळा नाही.

शहराला काय करता येईल?

पहिली गोष्ट जवळजवळ फुकट आहे. पीयूसी प्रमाणपत्र देताना किल्ली फिरवून एबीएसचा दिवा पेटतो का आणि गाडी थोडी चालवल्यावर विझतो का, एवढे पाहून तशी नोंद करावी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. तो नियम राज्य आणि केंद्राने करायचा आहे, पण प्रयोग म्हणून सुरुवात एखाद्या शहरापासून होऊ शकते.

दुसरी गोष्ट मेकॅनिकच्या हाताची. शहरात नायलिट आहे, इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजमध्ये मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, आयटीआय आहेत. कारखान्यांसाठी माणसे घडवणाऱ्या या व्यवस्थेला टीव्ही सेंटर, मुकुंदवाडी, सिडकोतल्या छोट्या गॅरेजवाल्यांसाठी आठवड्याभराचा अभ्यासक्रम घेणे अवघड नाही. मल्टिमीटरने सेन्सरचा पुरवठा कसा तपासायचा, रिंग आणि सेन्सरमधली फट कशी पाहायची, चाक खोलताना रिंग कशी जपायची आणि कोणता स्विच कधीही डायरेक्ट करायचा नाही, एवढे शिकवले तरी पुष्कळ होईल.

तिसरी गोष्ट कंपन्यांच्या हातात आहे. एबीएसच्या बिघाडाचा कोड वाचणारे साधन अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरतेच राहिले, तर वॉरंटी संपलेली गाडी घेऊन कामगार तिथे जाणार नाही. तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्येच जाणार. तिथे कोड वाचता येत नसेल आणि सेन्सर महाग मिळत असेल, तर दिवा पेटलेलाच राहील. सक्तीच्या नियमाबरोबर निदानाची माहिती आणि सुटे भाग सर्वांना मिळण्याची अट घातली, तरच साधन पाच-सात वर्षांच्या गाडीतही जिवंत राहील.

हा प्रश्न पुढे मोठा होत जाणार आहे. बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत एथरच्या विजेवरील दुचाकींचा प्रकल्प जाहीर झाला आहे. जेएसडब्ल्यू आणि टोयोटा किर्लोस्कर यांनीही या भागासाठी मोठ्या गुंतवणुकीचे करार केले आहेत. विजेवरच्या गाडीत मोटरची स्थिती, बॅटरीचे तापमान, थ्रॉटल, ब्रेक असे सगळेच सेन्सर आणि स्विचच्या भरवशावर चालते. त्या गाड्यांची दुरुस्तीही शेवटी याच शहरातल्या गॅरेजांकडे येणार आहे.

तोपर्यंत ज्यांच्या गाडीला एबीएस आहे, त्यांना एक गोष्ट आजच करता येते. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा पेटायला हवा आणि गाडी चालू लागल्यावर थोड्याच अंतरात, साधारण सायकलच्या वेगापर्यंत, विझायला हवा. पेटलाच नाही तर दिवा किंवा जोडणी बिघडली आहे, विझलाच नाही तर एबीएस बंद आहे. दोन्ही वेळा गाडी चालतेच, आणि म्हणूनच पावसाळ्याआधी ती एकदा दाखवून घ्यायला हवी.