पाटी एक, विद्यापीठे दोन

पुणे - बारावीच्या निकालानंतर पुणे-सातारा रस्त्यावरील धनकवडीच्या शैक्षणिक संकुलात पालकांची वर्दळ वाढते. ‘भारती विद्यापीठ’ हे नाव राज्यभर परिचित आहे. परंतु या एका नावाखाली कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या व्यवस्था नांदतात आणि कुटुंबाच्या खर्चाचे गणित त्यावर अवलंबून असते.

डॉ. पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये ही संस्था स्थापन केली. राज्य शासनाने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यानंतर तिचा विस्तार वेगाने झाला. १९९६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, विधी, व्यवस्थापन अशा अनेक विद्याशाखा या विद्यापीठात आहेत. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी यांचे अधिकार स्वतःकडे असल्याने कालानुरूप बदल त्वरेने करता येतात, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ होय.

याच संस्थेचे महिला अभियांत्रिकी महाविद्यालय मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. तेथील प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात. अभिमत विद्यापीठाच्या अभियांत्रिकीसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. वैद्यकीय जागा ‘नीट’च्या गुणांवर केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जातात आणि राज्याचा ८५ टक्के कोटा तेथे लागू होत नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने हा भेद अधिक ठळक केला. वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक शिक्षण घेताना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मात्र त्यातून वगळण्यात आली. म्हणजे एकाच संस्थेत, एकाच शाखेत शिकणाऱ्या दोन मुलींपैकी एकीस शुल्क माफ, तर दुसरीच्या पालकांना ते संपूर्ण भरावे लागणार.

जेथील शुल्क शासन ठरवत नाही, तेथील भार शासनाने का उचलावा, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु २०१७ मध्ये एमआयटी विश्वशांती विद्यापीठ व विश्वकर्मा विद्यापीठ अस्तित्वात आल्यानंतर पुण्यात खासगी विद्यापीठांचे क्षेत्र रुंदावले आहे. संलग्न महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले, की त्याच्या जागा सवलतीच्या कक्षेबाहेर जातात. धोरणकर्त्यांनी याची दखल घ्यावयास हवी. तोवर पालकांनी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, हे लेखी विचारून घेणेच शहाणपणाचे ठरेल.