पांढऱ्या डागांच्या जाहिराती नकोत

अंकासाठी जाहिराती मिळवणे किती कष्टाचे असते, हे मी जाणतो. तरीही 'पंधरा दिवसांत कोड नाहीसे, खात्रीशीर इलाज' अशी जाहिरात कुणी देऊ केली, तर विश्वस्त मंडळाने ती स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ साली झालेल्या कायद्याच्या यादीत कोडाचे नाव आहेच. पण माझा मुद्दा कायद्यापुरता नाही.

आपल्या घरांत अजून सांगतात, मासे खाऊन दूध प्यायले की कोड उठते. शेजारची तेलुगू मंडळी याला 'बोल्ली' म्हणतात, उर्दूत 'बर्स' म्हणतात. समजूत मात्र सर्वांची सारखीच! त्यातून 'श्वेतकुष्ठ' हा जुना शब्द. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. पांढऱ्या डागांत जंतूच नाहीत, मग ते शिवल्याने लागणार कसे?

विद्यार्थी मित्रहो, त्वचेला रंग देणारे मेलॅनिन काही ठरावीक पेशी तयार करतात. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी काही या रंगपेशींनाच शत्रू समजून मारतात. घरच्या पहारेकऱ्याने घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसे. मारणाऱ्या पेशी रासायनिक निरोप धाडून आणखी सोबती बोलावतात आणि डाग पसरतो. कातडीच्या एका विशिष्ट कर्करोगात प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधे दिली, की काही रुग्णांना असेच डाग उठतात. याहून बोलका पुरावा कोणता हवा?

आनुवंशिकता यात आहे, पण थोडी. एकाच बीजाच्या जुळ्यांत एकाला डाग असले, तरी दुसऱ्यालाही ते साधारण चारातल्या एकाच जोडीत आढळले. स्थळ नाकारणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (२००६) हा चित्रपट नेमका याच प्रश्नावर आहे. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता' संस्था तर 'कोड' हा शब्दच टाळून 'पांढरे डाग' म्हणा, असे सांगते. मलाही ते पटते.

उपचार नाहीत असे नाही. मलमे आहेत, प्रकाशोपचार आहेत. बावची आयुर्वेदात आणि युनानीत जुनीच. आपल्या एर्रागड्ड्याची युनानी संशोधन संस्था याच आजारासाठी ओळखली जाते. पेशींचे ते निरोप अडवणाऱ्या मलमाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. चेहऱ्यावर रंग लवकर परततो, ओठ व बोटांची टोके हट्टी. पण कोणत्याही मार्गाने महिने लागतात, पंधरा दिवस नव्हे! जाहिरातीमागे धावण्यात पैसा तर जातोच, पण आजार पसरत असतानाचा मोलाचा काळही जातो. पालकांनी त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे आणि थायरॉइडची तपासणी विचारावी, कारण त्या ग्रंथीवरही असाच घरचा हल्ला बऱ्याचदा होतो.

निम्म्या रुग्णांत डागांची सुरुवात विशीच्या आत, म्हणजे बहुधा शाळेच्याच वयात होते. म्हणून शिक्षकांनाही एक विनंती. स्नेहसंमेलनात अशा मुलीला मागच्या रांगेत उभे करू नका, आणि 'मेकअपने झाकून घे' असेही तिने विचारल्याशिवाय सुचवू नका.

जाहिरात नाकारल्याने अर्ध्या पानाचे पैसे कमी पडले, तर आम्ही काही पालक मिळून ते भरू.