भाड्याच्या पाटीवरचा आकडा खरा नसतो



बारावीचा निकाल लागला की आपल्यातली बरीच लेकरं कोचिंगला, नोकरीला हैदराबाद गाठतात. ते गाव आपल्याला परकं नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नारायणगुड्यात केशवराव कोरटकरांच्या नावाची केशव मेमोरियल संस्था आजही आहे. काचीगुडा स्टेशनही जवळच. म्हणून खोली शोधायला आपली माणसं आधी तिकडंच जातात, आणि 'टू-लेट'च्या पाटीवर भाडं बघून हिशोब लावतात. माझं म्हणणं एवढंच, की तो हिशोब अर्धा आहे.

समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. भाडं 15,000. दोन महिन्यांचा ॲडव्हान्स 30,000, पहिलं भाडं 15,000, दलालाला एक महिना 15,000. म्हणजे कुलूप उघडायच्या आधीच 60,000 गेले. सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं, तर 11 महिन्यांचं भाडं 1,65,000, त्यात दलाली आणि रंगाचे 30,000. एकूण 1,95,000. महिन्याला पडले 17,727. मेंटेनन्स, लाईट वेगळं.

आता तेच घर 22 महिने ठेवलं आणि दुसऱ्या वेळी 5 टक्के वाढ दिली, तरी दलाली-रंगासकट महिना साधारण 16,740 पडतो. म्हणजे थोड्या वाढीसाठी भांडून दर वर्षी घर बदलणं महागात जातं. पण वाढ किती, हे आधीच कागदावर पाहिजे.

तलावाचा ठेका घेताना आपण मुदत, रक्कम, भरणा सगळं लेखी बघतो. मग लेकराच्या घराला तोंडी बोलीवर का विश्वास ठेवायचा? करार 11 महिन्यांचा का असतो, तर 1908 च्या मूळ नोंदणी कायद्यानं वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तो खटाटोप टाळायला.

केंद्रानं 2 जून 2021 ला आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको, भाडेवाढीची लेखी सूचना तीन महिने आधी, असं त्यात आहे. पण राज्यांनी आपला कायदा केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. राज्यांनी तो करावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक. 'फक्त शाकाहारी' ही अट कितीदा तरी टोकन दिल्यावर कळते. आपल्या घरात मासळी शिजणारच, त्यात लपवायचं काय? घर मालकाचं आहे, मान्य. पण अट पाटीवर लिहा, पैसे घेतल्यावर सांगू नका. आपणही पहिल्याच फोनवर विचारावं.

नारायणगुड्यातच राहिलं पाहिजे असंही नाही. 7 फेब्रुवारी 2020 ला सुरू झालेली मेट्रो चिक्कडपल्ली, आरटीसी क्रॉस रोड, मुशीराबाद या मार्गानं जाते. मुशीराबादकडं रामनगरचा मासळी बाजारही आहे. दोन-तीन स्टेशनं पुढं जाऊन भाडं विचारून बघा.

पैसे देण्याआधी पाच गोष्टी लिहून घ्या: ॲडव्हान्स, तो परत कधी, रंगाचे किती, मेंटेनन्स किती, वाढ किती. मालक लिहून देत नसेल तर पुढची पाटी बघा.

तुमच्या लेकरांचे अनुभव खाली लिहा, दुसऱ्यांना उपयोगी पडतील.

— सचिव