धर्माचा रकाना



आमच्या कचेरीत एक लिंगायत मित्र आहेत. दर कार्तिक पौर्णिमेला मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीला पायी जातात. परवा डबा खाताना जनगणनेचा विषय निघाला. ते म्हणाले, "तुमचं बरं आहे हो. फॉर्मात बौद्ध म्हणून रकाना आहे. आम्ही गळ्यात लिंग बांधतो, मयताला पुरतो, तरी कागदावर हिंदूच."

मी म्हटले, रकाना आम्हालाही कोणी ताटात वाढून दिलेला नाही.

तरुण पिढीला हे ठाऊक नसते, म्हणून सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, असे ठरवले. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली आणि आपण केंद्राच्या यादीबाहेर पडलो. जात तीच, विहीर तीच, गावकुसाबाहेरचे घर तेच, पण धर्म बदलला म्हणून रेल्वे, टपाल, केंद्राच्या कचेऱ्या इथली राखीव जागा बंद! महाराष्ट्राने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राने कायदा बदलायला १९९० साल उजाडले. म्हणजे चौतीस वर्षे. नोकरी हवी असेल तर बुद्धाला लपवा, असाच त्याचा अर्थ होता.

मी १९८६ साली शाळेत गेलो. घरात रोज वंदना व्हायची, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. पण वडिलांनी मास्तरांना माझा धर्म 'हिंदू' आणि जात 'महार' सांगितली. पोरगा रेल्वेत लागला तर, एवढाच विचार. मी रेल्वेत लागलो नाही. दाखल्यावरचा 'हिंदू' मात्र अजून आहे.

आता लिंगायतांचे पाहा. बसवण्णांनी बाराव्या शतकात कल्याण येथे जातिभेदावर घाव घातला. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. निजामाच्या काळात बीड आणि बिदर एकाच राज्यात होते. ब्राह्मणाची मुलगी आणि चांभाराचा मुलगा यांचे लग्न लावल्याची त्यांची परंपरा सांगते. स्वतंत्र धर्माची त्यांची मागणी जुनी आहे. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने नागमोहन दास समितीच्या अहवालावरून तशी शिफारसही केली. केंद्राने ती मानली नाही.

त्याआधी २०१३ साली केंद्राने जनगणनेत वेगळा रकाना नाकारला होता. त्याचे एक कारण वाचून मी थबकलो. लिंगायत वेगळे धरले, तर त्यांच्यातल्या अनुसूचित जातींचा दर्जा जाईल, कारण तो फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे!

वा! कुलूप सरकारनेच लावायचे आणि दार उघडत नाही म्हणून वर काळजीही करायची. १९९० साली त्या आदेशात 'बौद्ध' हा एक शब्द घातला आणि काम झाले. तसाच आणखी एक शब्द घालता येणार नाही काय? लिंगायतांमध्येही वीरशैव हिंदूच म्हणणारे आहेत, तो वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. पण दलितांच्या नावाने कोणाचा धर्म अडवू नये.

मात्र मित्राच्या एका बोलण्यावर मी गप्प झालो. तो म्हणाला, "तुम्हाला रकाना मिळाला, पण तुमचे लोक तो भरतात का?" २०११ साली महाराष्ट्रात ६५ लाख बौद्धांची नोंद झाली. आपल्याच वस्तीत विचारा, किती घरांनी भीतीपोटी 'हिंदू' सांगितले. १९९० नंतर त्या भीतीला आधार उरलेला नाही. धर्म 'बौद्ध' आणि जात 'महार' असे दोन्ही सांगता येते. जातीच्या जागी नुसते 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' सांगू नका, कारण अनुसूचित जातींच्या यादीत त्या नावाची जात नाही. २०२७ च्या जनगणनेत जातही विचारणार आहेत. प्रगणक घरी आला की पाणी द्या, बसवा, आणि त्याने मोबाईलवर काय भरले ते मुलाला वाचायला सांगा.

मित्राने काल एक निवेदन आणले, खाली सह्या होत्या. "तुमची चालेल का?" म्हणाला. मी पेन काढले.