निर्लेखनाआधी

नवतपा लागला की वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. निकाल आणि प्रवेशांचे दिवस तोंडावर आलेले असतात, दाखल्यांसाठी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. नेमका तेव्हाच टेबलावरचा जुना संगणक अडून बसतो. पंखा घरघरतो, प्रोसेसरचा वापर शंभर टक्के दिसतो आणि ‘आता हा निर्लेखित करा’ असा शेरा पडतो. आमची मागणी एवढीच की शेरा मारण्याआधी तपासणी व्हावी.

या तपासणीला पैसा लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘सीपीयू’ या शीर्षकावर क्लिक केले की सर्वाधिक भार टाकणारा प्रोग्राम वर येतो. बरेच दिवस बंद असलेले यंत्र सुरू केल्यावर अपडेट आणि व्हायरस-तपासणीचे काम साचलेले असते. ते उरकेपर्यंत थांबावे. दोन अँटिव्हायरस एकत्र चालत असतील तर एकच ठेवावा. ब्राउझरमधले नको असलेले टॅब आणि यंत्रासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करावेत. काहीही काम नसताना एखादा अनोळखी प्रोग्राम तासन्‌तास राबत असेल, तर मालवेअरची शंका घ्यावी. मात्र विंडोजचे स्वतःचे प्रोग्रामही अनोळखी नावांचे असतात. त्यामुळे आधी खात्री करावी, मग हात घालावा.

आपल्याकडे दुसरे कारण उन्हाळ्याचे. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोहोचला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो आणि साधे कामही रेंगाळते. खोलीतली हवाच तापलेली असेल तर पंखा कितीही फिरला तरी त्या हवेपेक्षा थंड काही देऊ शकत नाही. त्यात हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ बसलेली असते. हिंगणघाटसारख्या कापसाच्या गावात रुईचे तंतूही अडकतात. वीज काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ही घाण उडवावी. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट जाणकाराकडून बदलून घ्यावी. यंत्र भिंतीला चिकटवून ठेवू नये आणि कूलरचे तुषार त्यावर येऊ देऊ नयेत.

टास्क मॅनेजरमध्येच मेमरी आणि डिस्कचे आकडेही असतात. ते सतत शंभराजवळ असतील तर दोष प्रोसेसरचा नाही. मेमरी वाढवली आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर नव्या यंत्राच्या किमतीच्या काही भागातच काम भागते.

खरी अडचण वेगळीच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही. म्हणजे धडधाकट यंत्रेही कागदोपत्री बाद. पत्रव्यवहार, अभ्यास आणि इंटरनेटसाठी अशा यंत्रांवर लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली चालते. ती पेनड्राइव्हवरून आधी चालवूनही पाहता येते. अंगठ्याचे ठसे घेणारे उपकरण किंवा डिजिटल स्वाक्षरी जिथे लागते, तिथे मात्र ते या प्रणालीवर चालते की नाही हे तपासल्याशिवाय बदल करू नये.

याच वर्ध्यात १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि १९३७ मध्ये नई तालीम या शिक्षणपद्धतीची परिषद भरली. हाताने काम करत शिकायचे आणि जे अवजार वापरायचे ते समजून घ्यायचे, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. ज्या जिल्ह्याने देशाला हा धडा दिला, तिथे शाळा-कार्यालयांतली यंत्रे न उघडताच अडगळीत जावीत, हे मनाला लागते. जिल्हा परिषदेने निर्लेखनाच्या प्रस्तावाला एका पानाचा तपासणी-तक्ता सक्तीचा करावा: भार कोणाचा, तापमान किती, मेमरी-डिस्कची स्थिती काय, सफाई कधी झाली. ही तपासणी आयटीआयच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. त्यांच्याही हाताला काम मिळेल. त्यानंतरही जे यंत्र खरोखर संपलेले ठरेल ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर न जाता २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रात जावे. हे सारे मार्चमध्येच उरकावे. जूनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तेवढा दिलासा मिळायलाच हवा.